माझ्या नोकरीचा बैलबाजार

आमच्या घरात माझ्याआधी नोकरी फक्त बैलांनी बदलली होती.

माणसांनी बदलायला आधी ती लागावी लागते! कामठ्याच्या आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. माय-बाबांनी धानाच्या बांधीत कंबर मोडून मला बी.कॉम. केलं आणि मी गोंदियाच्या एका राइस मिलच्या ऑफिसात टेकलो. चार वर्षांनी ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये अकाउंटंटची जागा मिळाली. बदल कसा अलगद करावा याचे मी मोबाइलवर भरपूर व्हिडिओ पाहिले. त्यातला कोटवाला माणूस सांगायचा, 'जुन्या साहेबांशी गोड राहा, राजीनामा द्या, हसत निघा.' मी आरशासमोर हसण्याचा सराव केला. चूक एकच झाली. बाबांना सांगितलं.

"काऊन बदलून राहिला? मालकानं हाकललं का?"

"नाही बाबा, यापेक्षा चांगली मिळाली. उद्या शेठजींना राजीनामा देतो."

"कागद फेकून निघशील? चोरावानी? अरे, बैलसुद्धा दोन्ही मालकांच्या समोर हात बदलते!"

मला वाटलं, बोलून मोकळे झाले. दुसऱ्या दिवशी मिलमध्ये पोचलो, तर शेठजींच्या टेबलावर आमच्या घरच्या तांदळाची चुंगडी! पहिल्या एसटीनं बाबा येऊन गेले होते. (राइस मिलच्या मालकाला तांदळाची भेट! समुद्राला मिठाची पुडी!)

"तुम्हारे पिताजी आए थे," शेठजी म्हणाले. "बोले, लड़के को राजीखुशी छोड़ दो. हमने छोड़ दिया! रविवार को खाने पे बुलाया है. तुम्हारे नए साहब को भी."

माझा राजीनामा खिशातच घामानं भिजला. आरशासमोरचं हसू तर कुठल्या कुठे गेलं.

रविवारी आमच्या अंगणात शेजारी शेजारी दोन पाट. एकावर शेठजी, दुसऱ्यावर शोरूमचे कटरेसाहेब. मायनं पाटोडीचा रस्सा वाढला. मी दोघांच्या मधे उभा, पाण्याचा तांब्या घेऊन. गळ्यात फक्त घुंगरू नव्हते.

बाबांनी खाकरून सौदा उघडला. "बोला शेठजी. साहेबांसमोर सांगा. पोराचे गुण सांगा, खोडी सांगा."

"खोडी? अरे, हीरा है हीरा! ईमानदार, होशियार, एक दिन छुट्टी नहीं!"

माझी छाती फुगली. माय पदरानं डोळे पुसायला लागली.

"महिनाभर नोटीस पाळावी लागंल ना?" कटरेसाहेबांनी विचारलं.

"कैसा नोटिस! आज ही ले जाइए! गाड़ी में जगह है न?"

(आपला भाचा माझ्या खुर्चीत बसवायची शेठजींना किती घाई होती, ते मला नंतर कळलं.)

कटरेसाहेबांचा घास हातातच राहिला. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "आमचे बाबा बी बैलबाजार करत," ते हळूच म्हणाले. "सांगायचे, मालक ज्या बैलाची लय तारीफ करते, तो बैल जुवाखाली बसते. एवढा हिरा आहे, तर हे फुकट सोडून काऊन राहिले? मी विचार करून कळवतो." आणि ते हात धुवायला उठले!

जुनी नोकरी गेली होती, नवी उठून नळाकडे चालली होती. बी.कॉम. असून मी दोन्हीकडून बेकार!

बाबांनी मला कोपरानं ढोसलं. "खोड सांग बे! सौदा मोडून राहिला!"

"साहेब!" मी ओरडलो. "मला दुपारी जेवल्यावर डुलकी येते!"

कटरेसाहेब थांबले. "किती?"

"थोडीशीच."

"खोटा बोलून राहिला जी!" चुलीजवळून माय. "घोरते! सकाळी हलवल्याशिवाय उठत बी नाही!"

कटरेसाहेब परत पाटावर बसले. "बरं. अजून?"

"कुणी रागावलं की रडू येतं."

"वा! अजून?"

आता शेठजींनाही राहवेना. चार वर्षांचं साचलेलं बाहेर पडलं. "अरे साहब, इसने एक बार बारीक चावल का ट्रक मोटे चावलवाले को भेज दिया था! और ऑफिस की सारी शक्कर यही खाता है!"

"घरची बी हाच खाते!" माय.

प्रत्येक खोडीगणिक कटरेसाहेबांचा चेहरा खुलत गेला. शेवटी त्यांनी मांडीवर थाप मारली. "आता बैल दिसला! मंजूर!" बाबांनी माझा हात शेठजींच्या हातातून घेऊन साहेबांच्या हातात दिला, वर नारळ ठेवला. (कुणी माझं तोंड उघडून दात पाहिले नाहीत, एवढीच शिक्षणाची इज्जत राहिली.)

सोमवारी मी नव्या ऑफिसात गेलो. माझं टेबल साहेबांच्या दारासमोर, बिनहाताची खुर्ची, कपात बिनसाखरेचा चहा. चपराशी आदरानं म्हणाला, "साहेब, गाड्या पाठवायचे कागद तुमच्याकडे द्यायचे नाहीत म्हणून सांगितलं आहे. आणि तुमच्यावर कुणी रागवायचं बी नाही."

लोक आधी कामावर रुजू होतात, मग हळूहळू त्यांच्या खोडी कळतात. माझ्या खोडी माझ्या आधीच रुजू झाल्या होत्या, आणि त्याही अगदी वेळेवर.

मी पोचलो उशिरा. सकाळी हलवायला माय विसरली होती.