आई बसली की इंजिन अडखळायचं

इथे लोक आपापले अनुभव लिहितात ते मी जेवणाच्या सुट्टीत अगदी आवडीने वाचतो आणि — राग मानू नका — प्रत्येकातला फॉल्ट शोधतो. भिंतीतून आवाज आला? पाइपात हवा. दार आपोआप उघडलं? बिजागरी सैल. माझं पोटच त्यावर चालतं हो. तारापूर एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत मी इन्स्ट्रुमेंटेशनला आहे. प्रेशर, टेम्परेचर दाखवणारे गेज खोटं बोलायला लागले की त्यांना पकडायचं, हे माझं काम. त्यामुळे भुतंखेतं, संकेत, अमुक-तमुक... आपला कधीच विश्वास नव्हता. पण हे जे झालं ते भरदिवसा झालं, दोन साक्षीदारांसमोर झालं, आणि लिहिताना आत्ताही मी खुर्चीत धड बसू शकत नाहीये!

आमचं घर माकुणसारला. घरामागे वाडी — चिकू, केळी, थोडी पानवेल — आणि वाडीच्या एका कोपऱ्यात विहीर. मी आणि माझी बायको वैशाली नोकरीमुळे बोईसरला फ्लॅटवर राहायचो. वडील, म्हणजे तात्या, जाऊन बरीच वर्षं झाली. वाडी आई एकटी बघायची. बोलण्यात तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. विहिरीपाशी उभं राहिलं की वाडीच्या पार दुसऱ्या टोकाहून तिचा आवाज यायचा.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी तिला पॅरालिसिसचा झटका आला. जीव वाचला, उजवा हात-पाय हळूहळू हलायलाही लागले, पण वाचा गेली. एक अक्षर नाही. ओठ हलायचे, मानेच्या शिरा ताणल्या जायच्या आणि आतून काहीच यायचं नाही. मग ती मान फिरवून भिंतीकडे बघत बसायची. डॉक्टर म्हणाले, "काहींची वाचा परत येते, काहींची नाही येत. आपण व्यायाम चालू ठेवायचे." आम्ही दोघं बोईसरचा फ्लॅट बंद करून माकुणसारला येऊन राहिलो, आणि आईला पालघरला बोलण्याच्या व्यायामांसाठी गाडीने न्यायला लागलो. त्या दिवसांत मला आयुष्यात दुसरं काहीही नको होतं. आईने एकदा मला शिवी घातली असती तरी मी पेढे वाटले असते.

आता गाडी. साधी पेट्रोल हॅचबॅक, थोडी जुनी, पण माझ्या हातात बसलेली. दसऱ्याला आमच्याकडे सगळे करतात तसं मीही केलं — बॉनेट उघडून इंजिन धुतलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा भरगच्च हार घातला. त्यानंतर काही दिवसांनी आईला घेऊन पालघरला चाललो होतो. चार रस्त्यावर ट्रॅफिकमध्ये थांबलो आणि गाडी एकदम थरथरायला लागली. आरपीएमचा काटा घसरत पार खाली. इंजिन धड चालेना, धड बंद पडेना... डुग, डुग, डुग — मग मध्येच गप्प — आणि परत एक जोराचा डुग! शेवटी बंदच पडली. मागे रिक्षावाल्यांचा गोंधळ. शेजारच्या सीटवर आई एकदम ताठ बसलेली, डोळे मोठे केलेले. मला वाटलं, घाबरली. म्हटलं, "काही नाही गं, आयडलिंग पडलंय. करतो मी नीट."

खरं सांगू? आतून मला आनंदच झाला. कितीतरी आठवड्यांत पहिल्यांदा असा बिघाड समोर आला होता जो मला दुरुस्त करता येण्यासारखा होता.

सुट्टीच्या दिवशी बोईसरला माझ्या नेहमीच्या मिस्त्रीकडे गेलो. माणूस गोरखपूरकडचा, मिश्कील. ऐकून घेतलं आणि हसायलाच लागला. "दसरे में इंजन धोया था ना? प्रेशर मार के? हर साल दसरे के बाद मेरे यहाँ यही लाइन लगती है, साहब. भगवान को खुश करते हो, कॉइल में पानी घुसाते हो!"

प्लग काढले. कोरडे ठणठणीत. कॉइल ठीक. थ्रॉटल बॉडी थोडी काळी होती, ती साफ केली. मग एअर फिल्टरचा डबा उघडला आणि आम्ही दोघंही ओरडलो — आत झेंडूच्या पाकळ्या! दसऱ्याच्या हारातून ओढल्या गेलेल्या, सुकलेल्या, फिल्टरला चिकटून बसलेल्या. मिस्त्री म्हणाला, "लो, प्रसाद!" सापडला की चोर! फिल्टर बदलला, कोळगावपर्यंत चक्कर मारून आलो. इंजिन इतकं शांत की चालू आहे का बघायला काट्याकडे बघावं लागत होतं. घरी येऊन वैशालीला सगळी कथा रंगवून सांगितली. आईलाही सांगितली. ती ऐकत होती, की नव्हती, कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी आईला गाडीत बसवलं, स्टार्टर मारला... आणि काटा खाली! डुग, डुग, डुग — गप्प — डुग!

मी थक्क. आईला उतरवलं, व्हरांड्यातल्या खुर्चीत बसवलं, गाडी परत चालू केली. शांत. आईला बसवलं. डुग, डुग.

आता माझ्या अंगात आलं. म्हटलं, सीटखालून वायरिंग जातं, वजनाने कुठलं तरी कनेक्टर दाबलं जातंय. वैशालीला त्याच सीटवर बसवलं. काही नाही. "थोडी जोरात बस," म्हटलं. ती म्हणाली, "एवढ्यासाठी लग्न केलंस होय माझ्याशी?" तांदळाच्या गोण्या ठेवून पाहिल्या. काही नाही. सीटखाली हात घालून एकेक वायर हलवली. एसी लावला, हेडलाइट लावले, व्हॅक्यूमच्या नळ्यांवर क्लीनर मारून लीक शोधला. कंपनीतल्या एकाकडून स्कॅनर आणला, तो सांगतो सगळं ओके, बिघाडाचा एकही कोड नाही. आणि आई बसली की त्याच स्कॅनरवर आरपीएम पार गाळात, तरी कोड नाहीच! आईला तिसऱ्यांदा उठवायला गेलो तेव्हा वैशाली मध्ये उभी राहिली. "आई आहेत त्या. टेस्टिंगचं वजन नाही."

बरोबरच होतं तिचं. मी ओशाळलो. पण एक गोष्ट मला टोचत राहिली. हा आवाज मी ऐकलाय. कुठे, ते काही केल्या आठवेना.

आणि मग तो दिवस.

पालघरहून परत येत होतो. दुपार उतरली होती. व्यायाम वाईट गेले होते. व्यायाम घेणाऱ्या बाईंनी आईला नुसतं "आ" म्हणायला सांगितलं, आईने प्रयत्न केला, आणि मग रडायला लागली. बाईंनी मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं की आता फार अपेक्षा ठेवू नका. वैशाली मागच्या सीटवर होती. घराच्या पुढच्या बाजूला कुणाचा तरी टेम्पो उभा होता, म्हणून गाडी मागच्या वाटेने वाडीत घातली आणि विहिरीजवळ उभी केली. गाडी तिथे मी त्याआधी कधीच नेली नव्हती.

गाडी उभी राहिली आणि थरथरायला लागली. या वेळी आवाज असा स्वच्छ की काय सांगू! आजूबाजूला ट्रॅफिक नाही, काही नाही, नुसत्या केळी आणि विहीर. मला राहवेना. इंजिन चालूच ठेवून उतरलो, बॉनेट उघडलं, कान लावला. आई पुढच्या सीटवर, वैशाली उतरून आईच्या बाजूचं दार उघडून उभी.

तेवढ्यात कुंपणापलीकडून नानाकाका आले. तात्यांचे चुलतभाऊ, त्यांची वाडी शेजारीच आहे. धापा टाकत आले आणि म्हणाले, "काय रे बाबू, तात्याचं इंजिन परत आनलंस काय?"

"कुठलं इंजिन, काका?"

"अरे, पान्याचं! इकडेच तर होतं, या खोपीत. आमी पलीकडं काम करताना दिवसभर आयकायचो ना! तात्या पार मंद चालवायचा त्याला... हाच आवाज हाय तो. हाच!"

हाच! अगदी हाच! आमच्या पट्ट्यातल्या विहिरींचा स्वभाव तुम्हाला माहीत नसेल तर सांगतो. वर गोडं पाणी, खाली खारं. जोरात उपसा केला की खारं वर येतं, आणि पानवेलीला खारं लागलं की वेल गेलीच. म्हणून तात्या त्या डिझेल इंजिनाचा वेग जेवढा उतरवता येईल तेवढा उतरवून ते चालवायचे. इतकं की ते मरत-मरत चालायचं. डुग, डुग, डुग, मध्येच एक ठोका खायचं, की सगळ्यांना वाटायचं संपलं, आणि परत उठायचं. आई तिकडे शेवटच्या वाफ्यापाशी कुदळ घेऊन उभी असायची. पाटाचं पाणी शेवटच्या वाफ्यात भरलं की तिथून ओरडायची, आणि तात्या त्या क्षणी इंजिन बंद करायचे. एक बादलीही जास्त ओढायची नाही. मी डिप्लोमाला बाहेर होतो तेव्हा विजेची मोटर बसली आणि इंजिन भंगारात गेलं. खोपीत आता नुसता सिमेंटचा चौथरा आहे. माझी गाडी बरोबर त्याच्यासमोर उभी होती!

मी आईकडे बघितलं.

ती पुढे वाकली होती. डावा हात मांडीवर हलत होता — मागे-पुढे, मागे-पुढे. माती ओढल्यासारखा. पाट फोडायचा, वाफा भरला की माती लोटून बंद करायचा, पुढचा फोडायचा. वैशालीने माझ्याकडे बघितलं, मी तिला खूण केली, थांब. इंजिन चालू होतं, ठोका खात होतं, परत उठत होतं. आईचा हात हलत राहिला. किती वेळ, कोण जाणे. मग हात थांबला. तिने मान वर केली, वाडीच्या दुसऱ्या टोकाला उभी असल्यासारखा श्वास भरला आणि —

"झालं ओ! बंद करा!"

खणखणीत! तोच आवाज! पलीकडच्या चिकूवरचे पक्षी उडाले, शपथ!

आणि इंजिन बंद झालं.

पुन्हा सांगतो. माझे दोन्ही हात बॉनेटच्या कडेवर होते. वैशाली दाराबाहेर होती, आईच्या बाजूला. किल्ली ड्रायव्हरच्या बाजूला, चालूवर फिरवलेली, आणि तिथे कुणी नव्हतं. आधी बंद पडायचं तेव्हा इंजिन आचके देत पडायचं. या वेळी आचका नाही, काही नाही. कुणीतरी हाताने बंद करावं तसं बंद झालं.

वैशाली रडत होती. मी काय करत होतो मला आठवत नाही. काका सांगतात, मी जोरजोरात हसत होतो. आईने आमच्याकडे बघितलं, जणू आम्हीच आजारी आहोत, आणि अडखळत म्हणाली, "च... चा ठेव गं."

त्या दिवसानंतर गाडीने एकदाही त्रास दिला नाही. मी काहीही बदललेलं नाही. आई बसते, उतरते, पालघरला जाते, काटा हलत नाही. मिस्त्री छातीठोकपणे सांगतो, "मैंने ही तो बनाई थी." डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले की अशा आजारात वर्षानुवर्षं तोंडात बसलेली वाक्यं कधीकधी आधी परत येतात. पटलं मला. इंजिन बंद पडणंही काही नवं नव्हतं. तेही पटलं. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या तपासल्या की पास होतात. पण आई बसल्यावरच का? तोच आवाज का? आणि तिने सांगितल्यावर त्याच क्षणी बंद का? एकत्र जोडायला गेलो की नापास.

आई आता बोलते. वाक्यं तुटतात, शब्द शोधावे लागतात, पण बोलते, आणि मला शिव्याही घालते. पेढे वाटले मी.

परवाची गोष्ट सांगतो आणि थांबतो. गाडी परत विहिरीपाशी नेली. एसी लावला, हेडलाइट लावले, काच पुसायचे वायपर लावले... इंजिनावर जेवढा लोड टाकता येईल तेवढा टाकला. एखादा ठोका तरी चुकावा म्हणून. आयुष्यभर बिघाड दुरुस्त केले, आणि आता एका बिघाडाची वाट बघत मी तिथे उभा! इंजिन एकसारखं चालत होतं. आई काठी टेकत हळूहळू मागे आली.

"काय करतोस रे?"

"ऐकतोय."

ती माझ्या शेजारी उभी राहिली. तीही थोडा वेळ ऐकत होती. मग माझ्या पाठीवर तिने तिचा बरा झालेला उजवा हात ठेवला.

"नाय येनार आता," आई म्हणाली. "पानी झालं ना."