तानाबाईंच्या पेपरातली सून

कळंब्याच्या तानाबाई पासष्टीला आल्या होत्या. चार म्हशी, थोडा ऊस आणि एक सून, सगळं त्यांच्याच शब्दावर चालायचं. दुधात पाण्याचा थेंब घालणार नाहीत आणि सुनेला शाबासकीचा शब्द देणार नाहीत, अशी त्यांची ख्याती. गावच्या शाळेत मोठ्या माणसांसाठी साक्षरता वर्ग निघाला, तेव्हा हट्टानं जाऊन बसल्या आणि सहा महिन्यांत एसटीच्या पाट्या धडाधड वाचू लागल्या.

परीक्षेत गाडं अडलं ते शेवटच्या प्रश्नाला. 'घरातील एका व्यक्तीविषयी पाच ओळी लिहा.' तोंडानं विचारलं असतं तर तासभर बोलल्या असत्या, पण कागदावर काही उतरेना. शेजारी अंबूबाई खाली मान घालून खरडत होत्या. तानाबाईंनी चष्मा पुसायचं निमित्त केलं, मान लांबवली आणि अक्षराला अक्षर उतरवून काढलं. 'माझी सून गुणाची आहे. तिच्या हातची आमटी मला फार आवडते...'

आठवड्यानं वर्ग घेणाऱ्या सम्मेद सरांनी तो पेपर कौतुकानं गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला.

सुनेनं, वर्षाराणीनं, तो चारदा वाचला आणि डोळ्याला पदर लावला. त्या दिवसापासून सासूबाईंच्या चहात आलं पडू लागलं, ताटात वाटीभर आमटी जास्त येऊ लागली. मुळात ती आमटी तानाबाईंच्या घशाखाली उतरायची नाही. आता 'पुरे' म्हणायचीही सोय राहिली नाही.

अंबूबाई कुंपणावरून ओरडल्या, "तानाबाय, माझी सून तुझ्या घरात कवा नांदाय आली गं?"

"हळू बोल की! ऐकंल ती."

"मग सांगून टाक."

"कसं सांगू? पोरगी बारा वर्सांनी हसाय लागलीया."

पाचव्या दिवशी वर्षाराणी पेपराची फ्रेम करून घेऊन आली आणि भिंतीत खिळा ठोकायला लागली. तानाबाईंचा धीर सुटला.

"वर्षे, थांब. ते माझं न्हवं. अंबूबायचं बघून लिवलंय."

हातोडी वरच्या वर राहिली.

"मग आमटी, आत्या?"

"खारट असती."

"बारा वर्सं?"

"व्हय."

वर्षाराणीनं हातोडी खाली ठेवली. आत गेली आणि पोराची वही-पेन आणून सासूसमोर आपटलं. "आता तुमच्या मनानं लिवा."

तानाबाई तासभर घाम पुसत बसल्या. मग लिहिलं, 'सून फटकळ हाय. मला डेंगू झाला तवा आठ दिवस दवाखान्यात उशाशी बसली. मी तिला चांगलं बोलले न्हाय. बोलाय पायजे हुतं.'

वर्षाराणीनं वाचलं. मग म्हणाली, "फटकळ मी व्हय?" आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी तानाबाई शाळेत गेल्या आणि सरांपुढं सगळं ओकून मोकळ्या झाल्या. सरांनी पाच गुण कापले. तरी पास झाल्या.

"आज्जी, गुणाची सून तर निम्म्या वर्गाच्या पेपरात होती. सांगितलं नसतंत तर कुणाला कळलंही नसतं," सर म्हणाले.

"अंबूबायला कळलं हुतं की," तानाबाई म्हणाल्या. "आन ती गप बसनारी हाय व्हय?"