मागनं येणारी झील

माझा भाऊ मल्हार खुर्चीत दहा मिनिटं टिकत नाही. जतला घराच्या मागच्या खोलीत त्यानं कॉम्प्युटरवर गाणी रेकॉर्ड करायचा उद्योग मांडलाय. वायर काढ, वायर लाव, परत काढ. महिनाभर तो गावातल्या म्हाताऱ्या आकारामनानांच्या धनगरी ओव्या रेकॉर्ड करून घेत होता आणि महिनाभर एकाच गोष्टीवर चरफडत होता. नाना गायले, की त्यांचाच आवाज त्यांच्या कानावरच्या हेडफोनात जरा उशिरा परत यायचा.

"ह्या कॉम्प्युटरला झेपत न्हाई," म्हणत त्यानं पुण्याहून एक कार्ड मागवलं. आवाजाचं सगळं काम ते एकटं उचलतं म्हणे. ते बसवायला तीनदा कॉम्प्युटर खोलला, दोनदा माझ्यावर ओरडला. पण उशीर गेला. आवाज तोंडातून निघाला की लगेच कानात.

नानांनी पहिली ओळ म्हटली आणि ते थांबले.

"म्हणा की नाना!" मल्हारनं पाय आपटला.

"म्हणतो रं. झील कुठं हाय?"

ओवीत म्हणणाऱ्यानं ओळ सोडायची आणि मागच्यानं ती उचलायची, ती झील. चाळीस वर्षं नानांची झील त्यांचा धाकटा भाऊ बिराप्पा धरायचा. तो गेल्या साली वारला.

"रोज तर येत हुता की कानात," नाना म्हणाले. "जरा मागनं."

मल्हारचा पाय हलायचा थांबला. मग त्यानं माऊस ओढला आणि महिनाभर हाकललेला तो उशीर स्वतःच्या हातानं परत लावला.