फ्रिजमधले पापड

थोरल्या जावेचं सरकारी घरकुल झालं, तेव्हा सगळी गल्ली पेढे खाऊन आली. माझ्या घशाखाली तो पेढा उतरेना. खोटं कशाला बोलू? नुसता जळफळाट झाला.

आमची दोन घरं म्हणजे एकाच घराचे दोन तुकडे, मधे एक भिंत. गगनबावड्याकडचा पाऊस दोघींच्या कौलांतून सारखाच गळायचा. दोघींच्या गोठ्यात एकेक म्हैस, दोघींचे नवरे एकाच गुऱ्हाळावर. मग तिला पक्कं घर आणि मला वाटाण्याच्या अक्षता का?

कारण माझा फ्रिज. माझा भाऊ कागलच्या एमआयडीसीत कामाला. त्यानं नवा घेतला आणि जुना मला दिला. दोन महिन्यांत तो बंद पडला. टाकवेना, म्हणून मी त्यात पापड-कुरडया ठेवल्या. उंदीर शिरत नाही, ओल लागत नाही. पण बंद पडल्याचं कुणाला सांगितलं नाही.

मग घरोघरी काय काय आहे ते लिहायला पंचायतीचा माणूस आला. भिंत कसली, गाडी आहे का, फ्रिज आहे का. गरीब कोण, हे त्यावरनं ठरतं म्हणे! मला मेलीला काय माहीत? मला एवढंच दिसत होतं, की जाऊ दारात उभी राहून ऐकतेय. रूप तिचं, हाताला चव तिच्या, सासूच्या तोंडी सदा तिचंच कौतुक. तिच्याकडे नाही आणि माझ्याकडे आहे अशी वस्तू ती एकच. मी तोऱ्यात म्हटलं, "हाय की फ्रिज! बघा पावणं, दोन दारांचा हाय."

त्यानं खूण केली. चालू आहे का, हा प्रश्नच त्याच्या कागदावर नव्हता. यादीत तिचं नाव आलं, माझं कटाप.

वास्तुशांतीला जावंच लागलं. पंगतीत वाढता वाढता जाऊ हळूच म्हणाली, "फ्रिज बंद हाय म्हणून त्या माणसाला सांगणार हुतो बघ मी."

माझा हात ताटातच थांबला. "तुमास्नी कसं कळलं, आक्का?"

"भिंतीपल्याड त्याची घरघर थांबल्याली कळत न्हाय व्हय?"

"मग बोलला का न्हाईसा?"

"परक्या माणसापुढं तुझी मान खाली गेली असती की," असं म्हणून तिनं माझ्या पानात आणखी एक पोळी वाढली.

घरी आले. कौलातून पाणी ठिबकत होतं, त्याखाली पातेलं सरकवलं. इतकी वर्षं तिच्यावर जळत आले, आता तेही धड जमेना.