आईच्या गळ्यातलं रेडियम

काका लढाईवरून परतले ते मनगटाला घड्याळ बांधूनच. पलटणीत ते एका गोऱ्या साहेबाच्या दिमतीला होते. निघताना साहेबाने ते दिलं. साखरखेर्ड्यात घड्याळं नव्हती असं नाही, पण याचे आकडे अंधारात हिरवे चमकत. भर दुपारी माणसं आमच्या कोठीच्या खोलीत शिरून, दार लोटून ते बघायची आणि काका दाराशी उभे राहून विलायतेच्या गोष्टी सांगायचे. त्या आकड्यांत म्हणे रेडियम आहे. साहेबाची आई रेडियमचं पाणी विकत घेऊन प्यायची, तिकडच्या बायका त्याचं मलम तोंडाला लावायच्या. जपानची शहरं जाळणारा बॉम्बही याच जातीचा. जे जाळतं तेच बरंही करतं, हे आमच्या लोकांना लगेच पटलं. अंगावर फोड आणणाऱ्या देवीचंही आमच्याकडे तसंच मानतात.

आईच्या छातीत तेव्हा गाठ होती. लाजेपायी तिने ती वर्षभर लपवली. शेवटी वडील तिला बुलढाण्याला घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, उशीर करू नका, मुंबईला न्या, तिथे रेडियम देतात. ते ऐकून आईचा चेहरा किती दिवसांनी फुलला. घरी येताच तिने काकांकडे घड्याळ मागितलं, त्याला लाल कापडाची पिशवी शिवली आणि काळ्या दोऱ्यात ओवून ताईतासारखं गळ्यात घातलं, बरोबर गाठीवर येईल असं.

वडिलांनी शेगावला जाऊन रेल्वे धरायचं ठरवलं होतं. आई हटून बसली.

"रेडियम घरातच हाय. मंग मुंबईले काऊन जाऊ?"

काकांनी परोपरीने सांगितलं की दवाखान्यातलं वेगळं असतं. पण महिमा त्यांनीच गाऊन ठेवला होता, आता त्यांचं कोण ऐकणार? वडील भावाला बोलले नाहीत. आपलेच दात, आपलेच ओठ. मला मात्र त्या साहेबाचा राग येई, अजून येतो. त्यांच्या देशाची बढाई आमच्या गावापर्यंत पोचली, दवाखाना काही पोचला नाही.

किल्ली संपली तर गुण जाईल, अशी आईला धास्ती. म्हणून रोज सकाळी ती मला घड्याळाला किल्ली द्यायला लावी. गाठ फुटली, जखम झाली, पिशवीला डाग पडू लागले. तरी काका समोर आले की ती मुद्दाम म्हणायची, "भाऊजी, आज हलकं वाटून राह्यलं."

ज्वारी कापणीला आली तेव्हा ती गेली. न्हाऊ घालणाऱ्या बायकांनी दोरा तोडून पिशवी माझ्या हातात दिली. मी कोठीच्या खोलीत गेले, दार लोटलं आणि घड्याळ बाहेर काढलं. त्या दिवशी किल्ली कुणी दिली नव्हती, काटे थांबले होते. मेले आकडे मात्र तसेच चमकत होते.

काका दाराशी येऊन उभे राहिले. मी त्यांना आत या म्हटलं. ते आले नाहीत.