वहिनीला लिहून दिलेलं ऊन

एरंडोलजवळच्या आमच्या गावात वहिनी आली ती पाचोऱ्याची गोरीपान सून म्हणून. आईने आधी गावभर कौतुक सांगितलं, मग तो रंग राखायचं कामही स्वतःकडे घेतलं. आम्ही सगळ्या कापूस वेचायला शेतात, वहिनी मात्र घरात. ती अंगणात पापड वाळत घालायला निघाली तरी आई ओरडायची, "उनमा जाऊ नको वं, काळी पडी जाशी!" मग पापड मी घालायचे. मी मुळातच काळी, माझं काय बिघडणार होतं!

लग्नाला तीनेक वर्षं झाली आणि वहिनीला एका डोळ्याने धूसर दिसू लागलं. ते आपोआप बरं झालं, पण पुढे पाय बधिर झाले. "कापसावर चालल्यासारखं वाटतं," ती म्हणाली. घरात तेव्हा आढ्यापर्यंत कापूस भरलेला; कुणी लक्षच दिलं नाही.

एके सकाळी पाणी भरताना पडली, ती उठेचना. भावाने तिला आधी धुळ्याला नेलं, तिथून मुंबईला. मीही सोबत होते. तपासण्या झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "मल्टिपल स्क्लेरोसिस. शरीर स्वतःच्याच मज्जातंतूंचं आवरण खराब करतं. हा आजार बायकांना जास्त होतो. आढळतो मात्र मुख्यतः थंड देशांत, जिथे ऊन कमी."

भाऊ गोंधळला. "डॉक्टरसाहेब, आम्ही खान्देशातले."

वहिनी कित्येक दिवसांनी हसली. "हे खान्देशातले. मी घरातली."

डॉक्टर तिच्याकडे वळून म्हणाले, "उन्हातून मिळणाऱ्या ड जीवनसत्त्वाचा याच्याशी संबंध असावा, असं काहीजण म्हणतात. पक्कं कुणालाच माहीत नाही. पण सकाळी थोडं उन्हात बसत जा. दुपारचं नको, उष्णतेने पाय आणखी गळतील."

घरी आल्यावर आईने सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या सकाळी बाज तिनेच अंगणात ओढली.

"सून उनमा?" शेजारणीने कुंपणावरून विचारलं.

"मुंबईना डॉक्टरनं औषध शे," आई ठसक्यात म्हणाली. पुढे गुडघेदुखीपासून केसगळतीपर्यंत गल्लीतल्या प्रत्येक बाईला ती हेच औषध देऊ लागली.

आजार गेला नाही. वहिनीच्या हाती काठी आली. आधीपासून ऊन मिळालं असतं तर हा आजार टळला असता का, असं मी पुढच्या खेपेला डॉक्टरांना विचारलं. एकेकट्या बाईबद्दल तसं सांगता येत नाही, म्हणाले.

वहिनी हळूहळू सावळी झाली. बऱ्या दिवसांत ती काठी टेकत बांधापर्यंत यायची. कापूस तिने आयुष्यात कधी वेचला नव्हता, पण बांधावर बसून आम्हा सगळ्यांच्या वेचणीतल्या चुका मोठ्याने काढायची.