सत्यवतीबाईंची जांभळाची वाइन

निम्म्या बाटल्या घासून ओट्यावर उन्हात उलट्या ठेवल्या, निम्म्या अजून राखेच्या घमेल्यापाशी पडून आहेत. तिथूनच मी मघाशी उठले होते, कारण सुवार्ता दारात उभी राहून म्हणाली, "आई, लग्नाच्या टेबलावर सत्यवतीमावशीची जांभळाची वाइन ठेवू. आपली नको."

तिचं लग्न जानेवारीत आहे. आमच्या या सदर भागातल्या ख्रिस्ती गल्लीत वाइन घराघरांत होते, पण ज्याचं त्याचं फळ ठरलेलं. कोपऱ्यावरच्या अंजनाबाईंची आल्याची. नाताळात ती कमी आणि खोकल्यावर जास्त खपते. पिल्ले मास्तरांकडे काळ्या द्राक्षांची. आमच्याकडे सासूबाईंपासून संत्र्याची, आणि सत्यवतीबाईंची जांभळाची. दुसऱ्याच्या फळाला कोणी हात लावत नाही. आणि लग्नात नवरानवरीचा पहिला पेला नवरीच्या आईच्या बरणीतलाच असतो. तो पेला शेजारणीचा आला, तर गल्ली काय समजायचं ते समजेल. मी या मुलीची आई आहे की नुसती तिला जेवू घालणारी, असं मला तिथल्या तिथे वाटून गेलं.

सत्यवतीबाईंचं सगळं मला ठाऊक आहे, कारण आमच्यात एक कमरेएवढी भिंत आहे. वडील वाडीच्या गोदामावर चौकीदार होते. नवरा रेल्वेत गार्ड होता, तो गेल्याला बरीच वर्षं झाली. मूल नाही. अंगणात जांभूळ आहे, आणि पावसाळ्यात त्याच्याखाली चादर अंथरून त्या खुर्ची टाकून बसतात, जणू झाड त्यांच्याकडे कामाला आहे. रेशनची साखर महिनोन् महिने साठवतात आणि स्वतः फिका चहा पितात. नाताळच्या सकाळी पेल्यांत ओततात तेव्हा एकही पेला दुसऱ्यासारखा नसतो. तरी सगळे आधी तिथेच जातात, आणि जांभळ्या जिभा घेऊन मग माझ्या दारात येतात. माझी वाइन घोटभर घेतात, "छान आहे" म्हणतात आणि करंज्यांकडे वळतात.

चर्चमध्ये त्या मागच्या बाकावर बसतात. प्रवचनात डुलक्या घेतात हे मी वळून पाहिलेलं आहे. मी पहाटे उठून स्तोत्र वाचल्याशिवाय चूल पेटवत नाही. देवाला हिशेब विचारू नये, म्हणून विचारत नाही. पण सुवार्ता शाळेतून आली की दप्तर आमच्याकडे टाकायची आणि स्वतः भिंतीवरून पलीकडे जायची, हे काही देवाने केलेलं नव्हतं.

पदराला हात पुसले, एक भरलेली बाटली उचलली आणि सत्यवतीबाईंकडे गेले. त्या अंगणात तांदूळ निवडत होत्या.

"सुवार्ता येऊन गेली का तुमच्याकडे?"

"आली होती. मी नाही म्हटलं तिले. मायची वाइन सोडून शेजारणीची काहून ठेवतं, म्हटलं. बस वं वच्छला, उभी काहून आहेस?"

भांडायला गेलेल्या माणसाच्या हातात काही उरू नये, तसं झालं. नाही म्हणायचा मोठेपणाही त्यांनीच घेतला. मी बाटली त्यांच्यापुढे ठेवली. "मग चाखून सांगा, काय वाईट आहे हिच्यात."

त्यांनी झाकणातच ओतून घेतली, जिभेवर घोळवली, डोळे मिटले. "रंग चांगला. वास तर भलताच चांगला. पण मागून कडू येते. साल बरणीत जास्त राहून राहिली तुझी. अन् बिया ठेचल्या जातात. गाळतानी चाखत नाहीस का?"

"चाखू कशी? मृग बहाराची संत्री फेब्रुवारी-मार्चात येतात, तेव्हा लेंटचे उपवास असतात. ईस्टरपर्यंत मी वाइनचा थेंब जिभेला लावत नाही."

त्यांनी मांडीवरचं सूप खाली ठेवलं. "म्हणजे इतकी वर्षं तू न चाखता आम्हाले पाजून राहिलीस?"

"व्रत आहे माझं."

"व्रत तुझं, अन् प्रायश्चित्त आमचं." मग त्या हसायला लागल्या आणि सुपाला धक्का लागून तांदूळ सांडेपर्यंत हसल्या. "तुझी सासू लेंटात बरणीपाशी चमचा घेऊन बसे. म्हणे, हे पिणं नाही, हे काम आहे. साल कधी काढायची ते जीभच सांगते बापा, दुसरं कोण सांगते?"

सासूबाईंनी हे मला कधी सांगितलं नाही. सत्यवतीबाईंना मात्र माहीत होतं. सासूसुद्धा त्यांचीच निघाली.

"आता कुठं लेंट आहे," त्या म्हणाल्या. "आंबिया बहाराची संत्री आली बाजारात. आज बरणी भरलीस तं लग्नापर्यंत होते. कोवळी राहीन, पण कडू नाही राहणार. मी येतो रोज चाखाले."

"चाखायला तुम्ही नका येऊ," मी म्हटलं. "मी चाखेन."

"बरं." त्यांनी सूप परत मांडीवर घेतलं. "पोरीचं लग्न तुझं आहे."

हे वाक्य मी तिथून सांभाळून घरी आणलं. दारात सुवार्ताने विचारलं, मावशी काय म्हणाल्या. मावशींना विचारलं नव्हतं, तरी म्हटलं, मावशी लग्नात करंज्या करतील, वाइन आपलीच राहील. तिने तोंड वाकडं केलं. जानेवारीत सरळ होईल.

राहिलेल्या बाटल्या संध्याकाळी घासीन. आत्ता पिशवी घेऊन संत्रा मार्केटला जायचं आहे, आंबियाची संत्री आणायला.